टेबल आधी बाहेर काढा

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.

ताईचा फोन. तिची बदली झाली. नव्या गावी तिला मिळालेली जागा तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आईच्या हातात वॉकर आलाय, ते जिने तिला जमायचे नाहीत. तेव्हा आई आता आमच्याकडे, कायमची. अठ्ठावीस तारखेला आणून सोडते म्हणाली. मी म्हटलं, त्यात विचारायचं काय, मुलाचंच घर आहे.

फोन ठेवला तर हिचा प्रश्न तयार. ठेवणार कुठे? मी म्हटलं, मागच्या खोलीत. ही म्हणाली, त्या खोलीत जुने पंखे नि रद्दी आहे, मध्येच खांब आहे, उजेडाचं नाव नाही आणि बाथरूम घराच्या दुसऱ्या टोकाला. एकदा सुताराला बोलवून दाखवू या.

मला हसूच आलं. घरात डॉक्टर असताना कंपाउंडरला नाडी दाखवायची. 'आखणी' हे घरं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर मी कोळून प्यायलोय. आखणी वापरणारे लोक इंटरनेटवर जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात त्या कट्ट्यावर सगळ्यात जास्त उत्तरं माझी आहेत. तिथलं माझं नाव काटकोन. मॉनिटरवर तसा स्टिकर लावलाय. मागच्या खेपेला आईने विचारलं होतं, हे काय रे. तेव्हा सांगितलं की हे माझं तिथलं नाव, या नावाला लोक चळचळा कापतात. आईला फार कौतुक वाटलं असावं, कारण ती काहीच बोलली नाही.

संकल्प : आजपासून कट्टा रोज फक्त अर्धा तास. उरलेला सगळा वेळ आईची खोली.

संध्याकाळ.

कट्ट्यावर दुपार गेली. इलाज नव्हता. एका महाभागाने 'प्लीज मदत करा' असं शीर्षक देऊन प्रश्न टाकला होता. प्लॅनची फाइल जोडलेली नाही, सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगितलेली नाही, जिन्याचा प्रश्न आणि टाकला फर्निचरच्या विभागात. त्याला नियम समजावून सांगितले. तो म्हणाला, जिन्याचं काय? मी म्हटलं, जिना नंतर, आधी शिस्त. तो निघून गेला. लोकांना नुसतं उत्तर हवं असतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार.

आईचा फोन ऑफिसात. माझी कॉट कुठे ठेवणार, खिडकी आहे का, शिवणाचं मशीन मावेल का, अशी सरबत्ती. मी तिला शांतपणे सांगितलं की डिझाइनचे प्रश्न असे फोनवर विचारायचे नसतात, त्यासाठी कट्टा आहे, तिथे नियमाने विचारलं की नीट उत्तर मिळतं. ती म्हणाली, बरं. आणि ठेवला फोन. बायकांना एकदा नीट समजावलं की त्या ऐकतात. हिला सांगायला हवं.

ताईने आईला टॅबलेट दिलाय असं कळलं. वयाला न शोभणारे खर्च.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

आईच्या खोलीला हात घातला. चार भिंती उभ्या केल्या. भिंतींना रंग देऊन पाहत होतो तर जिकडून बघावं तिकडून खांब मध्ये. आखणीत खांब-तुळया एका थरात असतात, फर्निचर दुसऱ्या थरात. थराला आम्ही लेयर म्हणतो. नको तो लेयर एका टिचकीत बंद करता येतो. केला. खोली एकदम मोकळी झाली, मन प्रसन्न झालं. रंग ठरला की चालू करीन.

एका भिंतीला ऐसपैस खिडकी दिली आणि पलीकडे डोंगर टाकला. खरं म्हणजे त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा संडास आहे, पण तो तपशील झाला. हिला दाखवलं. ही म्हणाली, डोंगर छान आहे, बाथरूमला जायला आईंना किती चालावं लागेल ते सांगा. कलेची जाण सगळ्यांनाच नसते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.

कट्ट्यावर नवीन सभासद. नाव काय, तर 'खिडकी'. पहिल्याच प्रश्नात लिहिलंय, 'नमस्कार. इथे काटकोन म्हणून कोणी जाणते आहेत असं ऐकलंय. म्हाताऱ्या माणसाला वॉकर घेऊन वळायचं तर पलंग आणि भिंत यांत किती जागा सोडावी?' म्हणजे माझं नाव कट्ट्याबाहेरही गेलंय. तरी खुशामतीला मी भुलत नाही. फाइल नाही, आवृत्ती नाही. त्याला कळवलं की इथे नियम वाचून प्रश्न विचारायची पद्धत आहे, दिसलं दार की घुसला असा हा बाजार नाही.

तेवढ्यात गवंडीकाका टपकले. हा मनुष्य म्हणजे माझ्या डोक्याला ताप. कोणी काहीही विचारावं, कसंही विचारावं, यांनी सरळ उत्तर द्यावं. खाली दोन ओळींत माप सांगितलं, वॉकरची रुंदी मोजून घ्या म्हणाले, आणि 'आजीबाईंना सांभाळा' असं लिहिलं. लगेच त्यांना उपयोगी उत्तराचे शिक्के पडले. कट्ट्यावर प्रत्येक उत्तराखाली 'उपयोगी' असं बटण असतं. माझ्या उत्तरांना आजवर एकही शिक्का नाही. कारण उघड आहे. औषध कडू असलं की रोगी डॉक्टरला हार घालत नाही. ते बटणच काढून टाकावं असा प्रस्ताव मी दोनदा दिलाय.

गवंडीकाकांची तक्रार केली. नियम मोडणाऱ्याला उत्तर देणं हाही नियमभंगच धरावा, असं सुचवलं.

८ फेब्रुवारी, रविवार.

दिवसभर खोलीतला प्रकाश. सकाळचा उजेड पडद्यावर कसा पडावा ते जमत नव्हतं, शेवटी सूर्य उत्तरेला सरकवला तेव्हा जमलं. टेबलावर एक फुलदाणी ठेवली. फुलदाणीत तीन प्रकारची फुलं घालून पाहिली. संध्याकाळी ही रद्दीवाल्याला बोलावून मागची खोली रिकामी करून घेत होती. मदतीला या म्हणाली. मी म्हटलं, मी पण त्याच खोलीत काम करतोय.

९ फेब्रुवारी, सोमवार.

खिडकी परत आला. म्हणतो, 'नियम वाचले. चष्मा बदलून दोनदा वाचले. चुकलं असल्यास माफी असावी.' हे बरं झालं. कान पिळला की गाडी रुळावर येते. कॉलेजातला पोरगा दिसतोय, आजीसाठी धडपडतोय. पण विचारतो काय, तर शिवणाच्या मशीनला उजेड कुठून यावा. म्हणजे फॅशन डिझाइनिंगचा कोर्स असणार. हल्ली सगळे तेच करतात.

पुढे म्हणतो, जी खोली मिळणार आहे तिच्यात मध्येच खांब आहे, त्याला वळसा घालून वॉकर जात नाही, काय करावं. मी लिहिलं, 'खांब ही अडचण नसते, नजर ही अडचण असते.' लिहून झाल्यावर मीच थोडा वेळ त्या वाक्याकडे बघत बसलो. शिवाय बजावलं की प्लॅन दाखवताना सगळे लेयर चालू ठेवावेत, लेयर बंद ठेवणारा माणूस दुसऱ्याला नाही, स्वतःला फसवतो. या दोन वाक्यांवर माझी आख्खी कारकीर्द उभी राहील.

गवंडीकाकांनी खाली लिहिलं, 'खांब हलत नाही. शक्य असेल तर दुसरी खोली बघा.' याला म्हणतात गवंडी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

हिने माझा डोळा चुकवून सुताराला बोलावलं. आलाच आहे म्हटल्यावर प्रिंट काढून हातात दिली. पलंग, पलंगाखाली कप्पे, पलंगालाच जोडून भिंतभर कपाट, सगळं एकसंध. तो म्हणाला, खोली एकदा बघू द्या, टेप लावतो. मी म्हटलं, माप कागदावर मिलिमीटरमध्ये आहे. प्लॅन समोर असताना टेप काढणं म्हणजे जेवायला बसून मीठ आहे का ते शेजारच्याला विचारण्यासारखं. तो म्हणाला, तुमची मर्जी. वर्कशॉपमध्येच बनवून आणतो म्हणाला.

ही आतून म्हणाली, खांबाचं सांगितलंत का त्यांना? मी म्हटलं, प्लॅनमध्ये सगळं आहे. आणि मला आठवलं की रंग अजून ठरायचाय. रंग ठरला की लेयर चालू करायचा आहे. पण काम चालू झाल्यावर माणसाने मागे वळून बघू नये.

१५ फेब्रुवारी, रविवार.

आज कट्ट्यावर मजा. खिडकीने स्वतः काढलेला प्लॅन टाकला. काय तो प्लॅन. भिंती तिरक्या, उत्तर दिशा खाली, बाथरूमच्या दारावर चुकून नारळाचं झाड ठेवलंय. फाइलचं नाव नियमाप्रमाणे नाही म्हणून मी ती उघडली नाही, नुसतं छोटं चित्र पाहिलं. तेवढं पुरे होतं.

प्रश्न असा की मागची खोली सोयीची नाही, पण हॉलमध्ये खिडकीपाशी उजेड आहे आणि बाथरूम शेजारीच आहे. तिथे म्हाताऱ्या माणसाची कॉट आणि मशीन मावेल. मात्र तिथे सध्या एक मोठं टेबल आहे. त्यावर कॉम्प्युटर असतो. घरातला एक माणूस तिथे बसतो.

मला हा प्रकार ताबडतोब कळला. असे लोक घरोघरी असतात. मी सविस्तर लिहिलं. 'टेबल आधी बाहेर काढा. घरातली उजेडाची एकुलती एक जागा अडवून जो मनुष्य बसलेला असतो, त्याचं तिथे काही काम नसतं. असलंच तर ते काम कोठीच्या खोलीतही होऊ शकतं. टेबलवाल्याला विचारत बसू नका. विचारलंत तर तो भाषण देईल.'

लिहून हात झाडले. आमच्या हॉलमध्येही टेबल खिडकीपाशीच आहे, पण ते कामाचं टेबल आहे.

गवंडीकाका खाली म्हणतात, 'काटकोन यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा सहमत.' मला त्यांच्या सहमतीची गरज नाही. तरी तीन वेळा वाचलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

खिडकीचं पुन्हा सुरू. म्हणे, 'सल्ला पटला. पण टेबलवाल्याचा जीव त्या टेबलात आहे. घर त्याचं आहे. त्याला वाईट वाटेल. त्यापेक्षा म्हाताऱ्या माणसानेच दुसरीकडे कुठे सोय बघावी का?'

आता मात्र हद्द झाली. हे सॉफ्टवेअरचं व्यासपीठ आहे, माजघर नाही. मी लिहिलं, 'बघायची असेल तर खुशाल बघावी. त्याचा आखणीशी संबंध नाही. घरगुती रडगाणी इथे नकोत.' आणि प्रश्न बंद केला. ज्येष्ठ सभासदाला प्रश्न बंद करायचा अधिकार नुकताच मिळालाय, तो पहिल्यांदा वापरला. एक लाल कुलूप येतं. फार सुबक दिसतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

ताईचा फोन, आवाज चढलेला. आई म्हणे आमच्याकडे यायचं नाही म्हणते. वृद्धांसाठी कुठे राहायची जागा मिळते का त्याची चौकशी कर, असं ताईला म्हणाली. मी म्हटलं, तूच काहीतरी बोलली असशील. ताई म्हणाली, मी नाही, परवा टॅबलेट घेऊन बसली होती, एकदम मिटून ठेवला आणि म्हणाली, कुणाच्या उजेडात जाऊन बसायचं नाही मला. त्या टॅबलेटमध्ये लोक वाटेल ते बघतात आणि मन खराब करून घेतात. मी आधीच म्हटलं होतं.

हिने विचारलं, तुम्ही आईंना काय बोललात? मी म्हटलं, मी तीन तारखेपासून तिच्याशी एक शब्द बोललेलो नाही. ही म्हणाली, तेच. आणि आत निघून गेली.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू. आई परक्या ठिकाणी, लोखंडी कॉटवर, अनोळखी बायकांच्या रांगेत, असं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि पानावरून उठलो. लहानपणी मी आजारी पडलो की आई मशीन माझ्या अंथरुणापाशी ओढून आणायची आणि तिथेच शिवत बसायची. त्या आवाजात झोप लागायची.

फोन केला. मी म्हटलं, आई, तुझ्यासाठी खोली फर्स्टक्लास होतेय, पलंगाला कपाट आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. ती म्हणाली, कुठली खिडकी? मी म्हटलं, आहे एक. मग ती म्हणाली, आणि खांबाचं काय केलंस? मी सहज म्हणून गेलो, खांब ही अडचण नसते, नजर ही अडचण असते. ती म्हणाली, हो, वाचलंय कुठेतरी.

म्हणजे वाक्य पसरतंय. आईपर्यंत पोचलं.

शेवटी मी म्हटलं, तू ये. कुठे जायचं नाहीस तू. घसा जरा बसला होता, सर्दी होतेय बहुतेक.  ती म्हणाली, बरं, येते. पण माझी कॉट मी बघून ठरवीन. म्हातारी माणसं हट्टी होतात.

२२ फेब्रुवारी, रविवार.

गवंडीकाकांनी मोकळ्या चर्चेच्या विभागात माझ्या कुलपाबद्दल लिहिलंय. घराच्या प्रश्नात घरातली माणसं येणारच, ज्याला ती चालत नाहीत त्याने गोदामं डिझाइन करावीत, असं. खाली ढिगाने शिक्के. कट्ट्यावर कसं वागावं याचे शिष्टाचार मीच लिहिलेले आहेत, त्यांना एक पोटनियम जोडला की ज्येष्ठ सभासदांवर टोमणे मारू नयेत, आणि दुसरा जोडला की उत्तराखालच्या आभाराच्या जागी फक्त आभार लिहावेत, घरगुती मजकूर दिसल्यास काढून टाकला जाईल.

खिडकी गप्प आहे. गेला असेल. एक प्रकारे चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. विद्यार्थी बरा होता, नियम वाचणारा एवढाच निघाला.

२५ फेब्रुवारी, बुधवार.

सुतार पलंग घेऊन आला. सोबत दोन माणसं. मागच्या खोलीत नेला, फिरवला, उभा केला, आडवा केला. भिंतभर कपाट जिथे यायचं तिथे खांब. म्हणजे खांब होता तिथेच होता, कपाटाने जरा बाजूला यायला हवं होतं. सुताराने माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, प्रिंट उलटी करून मागे काही आहे का पाहिलं. मग म्हणाला, साहेब, ठेवू कुठे, मला आणखी एक डिलिव्हरी आहे.

 हिने नुसता खांबावर हात ठेवला, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि स्वयंपाकघरात गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

दोष सॉफ्टवेअरचा आहे. बंद लेयर प्रिंट काढताना आपोआप चालू व्हायला हवा, हे शेंबड्या पोरालाही कळेल. कपाट पलंगापासून सुटं करून हॉलमध्ये ठेवलंय. जेवताना कोणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटतं.

संध्याकाळ.

माणसाने मदत मागण्यात कमीपणा मानू नये. फक्त नाव बदलून मागावी. 'प्रवासी' नावाने कट्ट्यावर आलो आणि विचारलं, खोलीत मध्येच खांब आहे, तीन दिवसांत पेशंट येतोय, काय करू? दहा मिनिटांत पहिलं उत्तर. 'आधी काटकोन यांचे शिष्टाचार वाचा. फाइल नाही, आवृत्ती नाही. दिसलं दार की घुसला असा हा बाजार नाही.' दुसऱ्याने लिहिलं, 'खांब ही अडचण नसते.' पुढचं वाक्यही लिहिलं नाही, नुसता हसरा चेहरा काढला.

या लोकांना बोलायची रीत नाही. कुठून शिकतात कोण जाणे. रात्र झाली तरी गवंडीकाका आले नाहीत. एरवी नको तिथे असतात.

२८ फेब्रुवारी, शनिवार.

आई आली. पुढे वॉकर, बाजूला ताई. किती लहान दिसायला लागलीय. दारातच म्हणाली, पाणी नंतर, आधी माझी जागा दाखव.

मी मागची खोली दाखवली. भिंतीला डोंगराचं पोस्टर लावलं होतं, माझ्या हाताने. दिवा लावला होता. तिने वॉकर आत घातला, तो खांबाला अडला. मागे घेतला, तिरका केला, पुन्हा अडला.  मी म्हटलं, सवयीने जमेल. ताईने तोंड उघडलं होतं, आईने नुसत्या हाताने तिला गप्प केलं.

मग ती हॉलमध्ये येऊन माझ्या खुर्चीत बसली. पिशवीतून टॅबलेट काढला. हिला म्हणाली, सूनबाई, मी एका ठिकाणी विचारलं होतं, तिथले एक जाणते गृहस्थ आहेत त्यांनी सांगितलंय, वाचते. आणि वाचलं. टेबल आधी बाहेर काढा. घरातली उजेडाची एकुलती एक जागा अडवून जो मनुष्य बसलेला असतो, त्याचं तिथे काही काम नसतं. शेवटपर्यंत वाचलं, स्वल्पविरामाला थांबून. वाचताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

स्क्रीनवर वर कोपऱ्यात नाव होतं. खिडकी. खाली तो तिरक्या भिंतींचा प्लॅन. जवळून पाहिला तर तो आमचाच हॉल. नारळाच्या झाडामागे आमचंच बाथरूम.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाजार. रडगाणी. खुशाल बघावी. लाल कुलूप. सगळं एका मागोमाग आठवत गेलं, आणि हे वाचून ती टॅबलेट मिटून बसली होती, हेही. मला म्हणायचं होतं की तिने सभासद होताना खरी ओळख द्यायला हवी होती, तसा नियम आहे. तोंड उघडलं. ही म्हणाली, त्यात लिहिलंय, विचारलंत तर तो भाषण देईल. मी तोंड मिटलं.

ताई आणि ही, दोघींनी टेबलाची दोन टोकं धरली. तिसरं मी धरलं. मागच्या खोलीत नेलं. खांब आणि भिंत यांच्यामध्ये ते अगदी फिट्ट बसलं, कुठे मिलिमीटरचीही फट नाही. सुताराचा पलंग कपाटाशिवाय खिडकीपाशी आला. पायथ्याशी ताईने सोबत आणलेलं शिवणाचं मशीन. आईने पलंगावर बसून वॉकर धरला, उठली, बाथरूमच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. कुठे अडली नाही. मग म्हणाली, आता पाणी दे.

१ मार्च, रविवार. दुपार.

मागच्या खोलीतून लिहितोय. दिवसा दिवा लागतो. डाव्या कोपराशी खांब, समोर पोस्टरमधला डोंगर. शांत आहे. विचार केला तर मोठमोठ्या लोकांनी अशाच जागेत काम केलेलं असणार. सकाळपासून हॉलमधून मशीनचा आवाज येतोय. मध्ये थांबतो, पुन्हा सुरू होतो. थांबला की मी कान देतो.

ऑफिसला जोडून सुट्टी आहे, तेव्हा कट्टा नव्या जोमाने. संकल्प : नवीन सभासदांची ओळख पटवल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

कट्टा उघडला तर वर एक सूचना. अशी सूचना मी आधी कधी पाहिली नव्हती, म्हणून क्षणभर कळलंच नाही. 'तुमचं उत्तर उपयोगी ठरलं.' पहिला शिक्का. टेबलाच्या उत्तराला. देणारा सभासद, खिडकी.

खाली आभाराच्या जागी मजकूर होता. 'टेबल बाहेर काढलं. उजेड छान येतो, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो. टेबलवाल्याने एक टोक स्वतः उचललं, काही बोलला नाही. त्याला लागलं असणार, पण तसा तो मनाचा वाईट नाही, लहानपणापासून फक्त नियम करायची हौस. काटकोन यांचे आभार. जेवायला ये, पानं वाढलीत.'

आभाराच्या जागी घरगुती मजकूर. पोटनियम माझाच, आठवड्यापूर्वीचा. दिसल्यास काढून टाकावा असं त्यात स्पष्ट आहे. काढायच्या बटणावर बाण नेलाही होता. तेवढ्यात मशीन थांबलं.

उठताना कोपर खांबावर आपटलं. मुंग्या आल्या. तसाच हात चोळत जेवायला गेलो.